सोल्युशनला घाबरणारा नाक्या

नाक्या कुणाला घाबरत नसे. यवतेश्वरच्या घाटात बंद पडलेला टेम्पो त्याने एका हाताने वर ओढून आणला होता. आबा तर सांगत, की दुसऱ्या हातात तेव्हा त्यांच्या चहाचा कप होता आणि एक थेंबही सांडला नाही. असा हा यंत्रमानव त्या शनिवारी सोल्युशनची, म्हणजे रबर चिकटवायच्या गोंदाची, एवढीशी ट्यूब बघून पाण्याच्या टाकीमागे का दडला?

शाल्मली हातात बूट घेऊन उभीच राहिली. उद्या तिची पहिली डोंगरशर्यत, आणि आज सरावात उजव्या बुटाचा तळ आख्खा निखळून पडलेला, मधला मऊ थरही सुटलेला.

"आबा, हा आधी बुटांच्या कारखान्यात होता ना? मग चिकटवायला काय झालं याला?"

आबा म्हणजे तिचे आजोबा, निवृत्त रसायनशास्त्रज्ञ आणि अट्टल थापाडे. पण रसायनशास्त्रात ते थाप मारत नसत.

"आधी बूट बघ," ते म्हणाले. "वरचं कापड प्लॅस्टिकच्या धाग्याचं. मधला मऊ थर म्हणजे ढोकळाच. खनिज तेलापासून पॉलिमर (रेणूंच्या लांबलचक साखळ्या) बनवायचं, त्यात वायूचे बुडबुडे भरायचे आणि तापलेल्या साच्यात फुगवायचं. ते साचे तापवायला बऱ्याच ठिकाणी कोळसा जळतो. तू पाऊल टाकायच्या आधीच बुटाने भरपूर धूर केलेला असतो. खाली रबर. तिन्ही थर सोल्युशनने एकजीव."

"मग चांगलंच की."

"चिकटेपर्यंत चांगलं. जुना झाल्यावर वेगळे कसे करशील? तिन्हींची जात निराळी. एकत्र वितळवले तर नुसता लगदा. म्हणून बूट जातो कचऱ्यात."

"पण हा का घाबरतो?"

टाकीमागून नाक्या बोलला. "शालूताई, सोल्युशनमध्ये द्रावक (दुसरा पदार्थ विरघळवणारा द्रव) असतो. तो उडून हवेत जातो. जास्त झाला, की माझ्या नाकात बारीक शिट्टी वाजायची. मग मला बाहेर काढायचे, नाक धुवायचे, नवी जाळी बसवायचे."

"आणि शेजारी काम करणाऱ्या बायका?"

"त्यांच्या नाकात शिट्टी नव्हती. त्या तिथेच बसायच्या. डोकं धरून."

शाल्मलीने ट्यूबचं झाकण घट्ट लावलं. "मग उद्या मी पळू कशी?"

आबांनी पायातली कोल्हापुरी काढून तिच्यापुढे धरली. "हिच्यात खिळा शोध. सोल्युशन शोध."

तिने चप्पल उलटीसुलटी केली. सगळे थर चामड्याच्या वादीने शिवलेले. "नाक्या, शिवशील?"

नाक्या टाकीमागून आला. त्याने तिन्ही थरांना कडेने भोकं पाडली आणि जाड दोऱ्याने टाके घातले. शाल्मलीने अंगणातल्या फरशीवर चार फेऱ्या मारल्या, आणि दोरा कचाकच तुटला. तळ पुन्हा लोंबायला लागला.

"झालं," नाक्या म्हणाला. "टेम्पो ओढणं सोपं होतं."

शाल्मली फतकल मारून तळ निरखत बसली. टाके नेमके जमिनीला घासत होते. "रबरात खाच पाड आणि दोरा खाचेत लपव. मग दगडाला रबर घासेल, दोरा नाही."

"हे मला सुचायला हवं होतं," आबा म्हणाले.

"तुम्ही थापा रचत होता," नाक्या म्हणाला.

नाक्याने तसा बूट पुन्हा शिवला. दुसऱ्या दिवशी डोंगर चढताना शाल्मलीचं अर्धं लक्ष पायाकडेच होतं. उतारावर तिने पायाचा विचार सोडला आणि सुसाट निघाली. ती वाऱ्याच्याही पुढे होती, असं आबा गावभर सांगतात. खरं तर ती घोळक्याच्या मधोमध आली. पण तळ जिथल्या तिथे होता.

घरी आल्यावर नाक्याने एक टाका कापून दोरा ओढला. तळ अलगद हातात आला. कापड, ढोकळा, रबर, तिन्ही निरनिराळे.

"म्हणजे तळ झिजला तर तळच बदलायचा," शाल्मली म्हणाली. "आबा, हा बूट नाक्याच्या कारखान्यात दाखवायला नेऊया."

"नेऊ. पण तिथलं सोल्युशन एका दिवसात नाही सुटणार."

"तोवर काय?"

आबांनी टेबलाखालून एक भोंगा काढला. त्याची तार नाक्याच्या नाकापर्यंत पोचत होती. "तोवर हा तिथे पहाऱ्याला उभा राहील आणि याची शिट्टी सगळ्यांना ऐकू येईल. वाजली, की सगळे बाहेर."

नाक्याने भोंगा उचलून खांद्यावर बसवला आणि ट्यूबचं झाकण स्वतःच्या हाताने उघडलं.

शिट्टी पार डोंगरापलीकडे ऐकू गेली. ही आबांची थाप नव्हे.