नऊ नंबरची मूठ

अजिनाथच्या डाव्या हातातून नीरजाला काय मिळणार होतं, ते उघड होतं: पीएच.डी. वाळूजच्या एका कारखान्यात प्रेसखाली त्याच्या कोपराखालचा स्नायू गेला होता. त्याच्याच मांडीतून काढलेल्या कणभर स्नायूतल्या पेशी नीरजानं लॅबमध्ये वाढवल्या, विरघळणाऱ्या जाळीवर पसरल्या, आणि तिच्या मार्गदर्शक डॉ. प्रमोदिनी मॅडमनी ती जाळी त्याच्या हातात बसवली. जाळी विरघळली, स्नायू राहिला, मूठ वळली, की नीरजाची आई पुंडलिकनगरात पेढे वाटायला मोकळी. अजिनाथला हात मिळणार. सौदा दोन्हीकडून चोख होता. प्रेमाचं त्यात कुणी बोललं नव्हतं.

दोघांची गाठ मात्र पडली हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये. दिवाळी झाली तरी न गेलेला पाऊस भुरभुरत होता, आणि नीरजाची स्कूटी दोन बुलेटच्या मधे अडकली होती.

"सरका जरा, मॅडम. असं ओढायचं नसतं. कानाला धरून वळवायचं."

"गाडीला कान असतात?"

"आमच्या मेंढराला असत्यात. गाडीचं तुम्ही बघा."

उजव्या हातानं त्यानं स्कूटी काढलीसुद्धा. डावा गळ्यात बांधलेला. नीरजानं नाव विचारलं, त्यानं सांगितलं... आणि तिचे कान तापले.

"म्हणजे तुम्ही... नऊ नंबर?"

"आँ?"

"लॅबमध्ये नऊ नंबरच्या बाटलीतल्या तुमच्या पेशींना मीच खाऊ घालत होते. रोज सकाळी. रविवारीसुद्धा."

"व्हय? आन् मला कुणी चहाला बी इचारलं नाय!"

मग चहा झाला. नंतर तपासण्या सुरू झाल्या. मुठीत धरून दाबायचं एक यंत्र, त्यावर काटा. या अभ्यासातले बाकीचे पेशंट महिन्यातून एकदा येत. अजिनाथला नीरजा दर आठवड्याला बोलवायची. हात हट्टी आहे, असं कारण द्यायची.

"दाबा ना जोरात."

"दाबतोय की... तुम्ही बघायला लागल्या की जोर जातोय."

"मग डोळे मिटू?"

"नका — मग तर हातच उचलायचा नाय."

ती हसायची, आणि काटा होता तिथंच राहायचा. बाकीच्यांचे हात सुधारत होते. ज्याच्याकडून सगळ्यात जास्त आशा, तोच अडला होता.

"नीरजा, नऊ नंबर फसला," मॅडम म्हणाल्या. "स्नायू जगलाच नाही, असंच लिहावं लागेल. मग तुझ्या प्रबंधात उरलं काय?"

शेवटचा उपाय म्हणून हात घरी कसा वापरतो ते बघावं, असं ठरवून नीरजा न सांगताच पाचोडजवळच्या त्याच्या वस्तीवर गेली. आणि तिथं थबकली. कातरणी चालली होती. गुडघ्याखाली मेंढी दाबून अजिनाथ बसला होता. लोखंडी कातर डाव्या हातात, कच्... कच्... आणि लोकर साय निघावी तशी सलग उतरत होती.

त्याची आई, राजाबाई, तांब्या घेऊन लगबगीनं आली. "या, मॅडम, या! बघा, सकाळधरनं कातरतोय. लई बेस झाला हात. नुसती करंगळी आन् शेजारचं बोट तेवढं वाकत नाय."

अजिनाथनं वर पाहिलं. कातर थांबली. अर्धी कातरलेली मेंढी संधी साधून पळाली.

"दर आठवड्याला खोटं दाबलंत?" नीरजानं विचारलं.

"खरं दाबलं असतं, तर... कशाला बोलावलं असतं तुम्ही?"

"माझी सगळी मेहनत बुडत होती, अजिनाथ!"

त्याचा चेहरा उतरला. "आईशपथ, ठावं नव्हतं. मला वाटलं, नापास झालो तर मीच होईन." मग हळूच, "उद्या येतो. पुरा जोर लावतो. लिहून टाका. मागचं सांगू नका. कुणाला कळतंय?"

कुणालाच कळलं नसतं. नीरजाची अख्खी पदवी त्या मुठीत होती.

"नको," ती म्हणाली. "मागचे खोटे आकडेही त्यातच राहतील. तेच बघून उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातावर सुरी चालेल."

दुसऱ्या दिवशी दोघं मॅडमसमोर उभे राहिले. अजिनाथ घाईनं म्हणाला, "चूक माझी हाय. यांचं नाव घेऊ नका."

"माझीही आहे," नीरजा म्हणाली. "यांना दर आठवड्याला बोलवायची काही गरज नव्हती. मी बोलवत होते... मला बघायचं असायचं म्हणून."

अजिनाथ तिच्याकडे बघतच राहिला. मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे हा दाबत नव्हता, आणि तू बोलवत होतीस. छान! माझा अभ्यास मधल्यामधे मेला."

नऊ नंबरचे सगळे आकडे रद्द झाले. राहिलेल्या दोन बोटांसाठी अभ्यासातूनच पुढचं ऑपरेशन होणार होतं; अजिनाथ अभ्यासाबाहेर पडल्यामुळे नियमानं तेही गेलं. नीरजाला नव्या पेशंटपासून सुरुवात करावी लागली. वर्ष वाया गेलं, वर अजिनाथशीच लग्न करणार म्हणते, म्हणून तिच्या वडिलांनी महिनाभर अबोला धरला. तो राजाबाईंनी पुंडलिकनगरात येऊन, थेट स्वयंपाकघरात बसून मोडला.

"माझ्यापायी तुझं वरीस गेलं," अजिनाथ अजून म्हणतो.

"आणि तुझी दोन बोटं?"

"कातर तीन बोटांत बी चालती."

"पदवी पुढल्या वर्षी बी मिळती," ती त्याच्याच बोलीत सुनावते.

आपल्यापेक्षा दुसऱ्याचं जास्त गेलं, यावर दोघंही हटून बसतात. पण सगळ्यात जास्त गेलं ते मॅडमचं. अभ्यासातला सर्वात चांगला हात त्यांचा गेला, आणि वर लग्नात आहेरही त्यांनाच करावा लागला.