डॉक्टरांचा फुगलेला इंडेक्स

टोपलीतली मांजर गुरगुरत होती, आणि प्राण्यांच्या दवाखान्यातली डॉक्टर संगणकाकडे बघत तिच्याहून जास्त!

"माफ करा हं... हिची जुनी नोंद उघडतच नाही. रोजचंच झालंय."

टोपली घेऊन आलेल्या तरुणाच्या आत्याची ती मांजर होती. पण डेटाबेस सांभाळणं हा त्याचा स्वतःचा धंदा, आणि वैतागतानाही डॉक्टर अशी गोड दिसत होती की... तो बोलून गेला, "मी बघू?"

"मांजर मी बघते, संगणक तुम्ही बघा. फिट्टंफाट!"

दुखणं लगेच सापडलं. नोंदी थोड्या, पण त्या चटकन शोधून देणारी सूची, म्हणजे इंडेक्स, भलताच फुगला होता.

"लसीची आठवण करून देणारा प्रोग्राम सारख्या सगळ्याच नोंदी बदलतो," तो म्हणाला. "प्रत्येक बदलाला इंडेक्समध्ये नवी जागा लागते, जुनी मेलेली तशीच पडून राहते. ती मोकळी करणारी आपोआपची झाडलोट कुणीतरी बंद केलीय."

ती ओशाळली. "मीच. वाटलं, तिच्यामुळेच सगळं अडतंय..."

"दम लागतो म्हणून कुत्र्याचं चालणंच बंद केलं, तर?"

"मालकाला रागावते मी!"

"मग आता मी रागावू?"

"रागावून तर बघा—"

त्याला कुठलं जमायला! दवाखाना चालू ठेवूनच त्यानं आटोपशीर नवा इंडेक्स बांधला, झाडलोट पुन्हा सुरू केली, आणि खरोखर बदललेल्या नोंदीलाच प्रोग्राम हात लावेल अशी सोय केली.

मग इंडेक्स पुन्हा फुगत नाही ना, हे बघायला तो येत राहिला. चहा होई, गप्पा होत. आत्या विचारी, "अरे, मांजर घरी ठेवून दवाखान्यात कसला जातोस?"

पण इंडेक्स काही फुगेना. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "आता माझी गरज नाही," तो जड मनानं म्हणाला. ती नुसतीच "बरं" म्हणाली.

आठवड्यानं तिचा फोन आला. "लवकर या. फार संथ चाललंय."

तो धावतच गेला. सगळं तपासलं. "डॉक्टर, हे तर ठणठणीत आहे!"

"संगणकाचं कोण बोलतंय?" हातमोजे काढता काढता ती थबकली. "दिवस संथ चाललेत... तुम्ही येणं थांबवल्यापासून."

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मग... संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला येशील?"

बोलला आणि जीभच चावली त्यानं!

"'येशील' म्हणालास?"

"म्हणालो खरा..."

"मग येईन," ती म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला हाक मारायची साफ विसरली.