आतून ठोकलेला पत्रा

दिवा बारीक केलात तरी चालेल, पण ते मोबाइल आधी खिशात घाला. आणि तू रे, नवरदेवासारखा हसतोयस तो! उद्या जुनी स्पोर्ट्स गाडी बघायला निघालायस म्हणे? आयुष्यातली पहिली? रंग कुठला म्हणालास... लाल. म्हणजे बघायच्या आधीच घेतलीस तू. ये, असा समोर बस.

मी तीस वर्षं गाड्यांना रंग मारला, पण आता सांगतो ते माझ्यावर गुदरलेलं नाही. माझ्या शेजारच्या गाळ्यात एक डेंटर होता, गाड्यांचे पोचे काढणारा, त्याच्यावर गुदरलं. आम्ही त्याला ठोक्या म्हणायचो. पत्र्यावर नुसती टिचकी मारायचा आणि सांगायचा, इथे आपटलीय, इथे पुट्टी भरलीय, इथे नुसता रंग थोपलाय. आणि तो रंग बहुतेक वेळा मीच थोपलेला असायचा! पण त्याच्या कानाला तोड नव्हती, हे मान्य करायलाच हवं.

त्याच्या बहिणीचा एकुलता एक मुलगा, सव्वीस वर्षांचा. बाप लहानपणीच गेला, तेव्हापासून ठोक्यानेच त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्या पोराला तुझ्यासारखंच वेड. दोनच सीटची, बुटकी, तीस-पस्तीस वर्षं जुनी गाडी हवी होती. एक वकील विकत होता. बहीण म्हणाली, "दादा, हा नुसता भुललाय. तुझ्या भरवशावर पाठवतेय त्याला." ठोक्या म्हणाला, "अगं, मी आहे ना!"

सकाळीच त्याने भाच्याला सगळं पढवलं. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवायचं. जिथे चिकटणार नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. इंजिन थंड असतानाच चालू करून बघायचं. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल, तर काहीतरी झाकायचं असतं. दोन्ही दारांच्या फटी सारख्या आहेत का बघायचं. चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर कागदाशी ताडायचा. खालचं कार्पेट उचलायचं, कारण गंज नेहमी कार्पेटखाली लपतो, विशेषतः डिकीत. आणि गाडी रात्री कधीच बघायची नाही.

आणि गेले कधी? रात्री! वकिलाला म्हणे दिवसा वेळच नव्हता.

नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. सव्वानऊला ठोक्याच्या स्कूटरवरून दोघं बंगल्यावर पोचले. वकील एकटाच राहायचा. साठीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. गाडी धाकट्या भावाची, म्हणाला, तो अकरा वर्षांपूर्वी परदेशी गेला, आता परत येत नाही. गाडी गॅरेजमध्ये होती, मागची बाजू पार भिंतीला चिकटवून लावलेली. ठोक्याने बॉनेटवर हात ठेवला. गार. चुंबक फिरवलं. बॉनेट, दारं, छप्पर... सगळीकडे टक्‌टक् चिकटत गेलं. नंबर जुळले. इंजिन पहिल्या चावीला चालू झालं. भाच्याच्या चेहऱ्यावर तर दिवाळं निघालेल्या माणसाला लॉटरी लागावी तसा आनंद.

"मागची बाजू बघायचीय," ठोक्या म्हणाला.

"चक्कर मारून या, मग बघा," वकील म्हणाला. "दोनच सीट आहेत, मी थांबतो. तुमची स्कूटर राहू दे इथे. फक्त डिकी उघडू नका. कुलूप बिघडलंय तिचं."

आता सांग मला, मालक जे उघडू नका म्हणतो, ते आपण काय करायचं? शाब्बास. तेच आधी उघडायचं. ठोक्यालाही ते ठाऊक होतं.

गोदामांच्या मागे एक सरळ रस्ता होता. रात्री तिथे चिटपाखरू नसायचं. भाचा गाडी चालवत होता, गिअर बदलताना लहान मुलासारखा हसत होता. दहाला पाच कमी असतील. मागून आवाज आला. धप्.

"मामा, जॅक सुटलाय वाटतं."

"थांबव. त्या दिव्याखाली घे."

ठोक्याने आपली हत्यारांची पिशवी घेतली आणि गाडीच्या मागे गेला. डिकीच्या झाकणावर चुंबक लावलं. खाली पडलं. दुसरीकडे लावलं. पडलं. अख्खं झाकण पुट्टीने भरलेलं. त्याने स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने कडेला जरा खरवडलं, तशी तळहाताएवढी खपली निघून आली. खालचा पत्रा उघडा पडला.

आता नीट ऐका. गाडीला धडक बसली की पत्रा आत जातो. हा पत्रा बाहेर आला होता. ठिकठिकाणी फुगलेला, मग कोणीतरी वरून हातोडी मारून दाबलेला, मग पुट्टी. एकेक फुगवटा मुठीएवढा. डेंटरला हे कोणी सांगावं लागत नाही. आतून कोणीतरी हे झाकण ठोकत होतं. खूप वेळ ठोकत होतं.

ठोक्याने तेव्हाच गाडी सोडून निघायला हवं होतं. तरी जन्माची सवय. पत्रा आतून कसा दिसतो, ते बघायचंच. त्याने किल्ली फिरवली. कुलूप झटकन उघडलं, काहीही बिघडलेलं नव्हतं. झाकण वर केलं. डिकी रिकामी. माणूस गुडघे छातीशी घेऊन जेमतेम मावेल एवढी.

ठोक्या झाकणाची आतली बाजू बघत होता. आणि भाचा वाकला. कार्पेट उचलायला. सकाळी मामानेच शिकवलं होतं ना.

"अरे, हात नको ला..."

झाकण पडलं. पडलं कसलं, आदळलं. पोराच्या पाठीवर. एकदा... दोनदा... हाड मोडल्याचा आवाज ठोक्याने ऐकला. मग पोराचे पाय जमिनीवरून उचलले गेले. कोणीतरी आतून ओढावं तसे. बूट घासत आत गेले.

झाकण बंद.

ठोक्याने किल्ली फिरवली. नुसती गरगर फिरली. आत पोरगा ओरडत होता. "मामा! मामा!" आणि ठोके. धप्. धप्. धप्. डोळ्यांदेखत पत्रा फुगायला लागला. पुट्टीच्या खपल्या उडून ठोक्याच्या तोंडावर. त्याने छिन्नी लावली, हातोडी घातली. बिजागरीवर घाव. पुन्हा घाव. फटीतून रक्त आलं. त्याच्या छिन्नीवरून ओघळलं. हात सटकत होता. आतून ठोके चालूच.

आणि मग त्याच्या कानाने ते ओळखलं. एक माणूस ठोकतो तेव्हा दोन हात असतात.

हे चार होते.

...

एक बिजागरी तुटली. दुसरी तुटली. झाकण त्याने उपटून रस्त्यावर फेकलं. पोराची बखोट धरून बाहेर ओढला. उजव्या हाताची हाडं मोडलेली. दोन बरगड्या गेलेल्या. मानेवर, पाठीवर, चेहऱ्यावर बुटांच्या टाचांचे वळ. कोणीतरी त्याला तुडवलं होतं. डिकी रिकामी होती.

पोरगा एवढंच बोलला, "तो मला मारत नव्हता, मामा. बाहेर यायला बघत होता. मी मध्ये होतो."

पुढचं ठोक्याला नीट आठवत नाही. त्याच गाडीतून, बिनझाकणाच्या, त्याने भाच्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. पावणेबाराला उजव्या हाताला प्लास्टर झालं. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत, मूठ अर्धी मिटलेली. झोपेचं इंजेक्शन दिलं. बहीण धावत आली, भावाच्या छातीवर गुद्दे मारत रडली. "भरवसा होता रे तुझ्यावर!"  मग ती औषधं आणायला खाली गेली आणि तो खाटेशेजारी स्टुलावर बसला.

बारा वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन वाजला. वकील.

ठोक्या शिवी हासडणार होता. पण पलीकडून श्वास लागल्यासारखा आवाज आला.

"तुमच्या भाच्याला सांगा... तुम्ही सांगा त्याला... तो दारात उभा आहे. काही बोलत नाही."

ठोक्याने खाटेकडे बघितलं. भाचा समोरच. गाढ झोपलेला. छाती सावकाश वरखाली होत होती.

"साहेब, तो इथे आहे."

"नाही... नाही, आत आला... ए! ए, सोड..."

मग काहीतरी पडलं. काच फुटली. वकील किंचाळला, पुन्हा किंचाळला, मग ओढत नेल्याचा आवाज. लोखंडी दार आपटलं. फोन तसाच चालू.

आणि ठोके.

ठोक्याचा कान. त्याने लगेच ओळखलं. कपाटाचा पत्रा. आतून.

पोलिसांना फोन करायला हवा होता. उठायला हवं होतं. तो उठला नाही. फोन कानाला आणि डोळे भाच्यावर. ठोके जोरात होते. मग अंतर पडायला लागलं. मग एक... खूप वेळाने आणखी एक...

मग काहीच नाही.

एकला पाच कमी होते. भाच्याने कूससुद्धा बदलली नव्हती.

सकाळी पोलिसांना बंगल्यात वकील सापडला. लोखंडी कपाटात, गुडघे छातीशी. कपाटाला बाहेरून कुलूप. दार असं फुगलेलं की कापूनच काढावं लागलं. किल्ली कुठेच सापडली नाही, सगळा बंगला उलथापालथा केला तरी. शेजारी म्हणाले, भाऊ परदेशी गेला हे फक्त वकिलानेच सांगितलेलं. त्याला जाताना कोणी पाहिलं नव्हतं. ठोक्याची स्कूटर तिथेच होती, त्याचीही चौकशी झाली. पण मामा-भाचे रात्रभर हॉस्पिटलमध्ये होते, हे दहा माणसांनी सांगितलं. सुटले. गाडी भंगारात दाबून टाकली.

भाचा बरा झाला. बोलायचा कमी. आईच्या हातचं जेवायचा, पण तिच्याकडे बघायचा कसा... पाहुणा बघतो तसा. ती म्हणायची, "दादा, घाबरलाय तो, येईल ताळ्यावर." ठोक्या हो म्हणायचा. रात्री माझ्याकडे येऊन बसायचा आणि पुन्हा पुन्हा एकच विचारायचा, "पेंटर, आत दोघं होते. मी एकालाच बाहेर काढला. कोणाला काढला रे?"

मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवायचो. 

पंचेचाळिसाव्या दिवशी प्लास्टर कापलं. बहीण होती, ठोक्या होता, आणि कापणारा माणूस. प्लास्टर कुठे तडकलेलं नव्हतं, ओलं झालेलं नव्हतं, पहिल्या रात्री घातलं तसंच. दोन फाका बाजूला झाल्या. भाच्याने सावकाश मूठ उघडली.

तळव्यात कपाटाची किल्ली होती.