बंदरात शिरणारी आर्गिरो

असिमिनाच्या घरात सकाळी आधी टर्पेंटाइनचा वास उठायचा, मग कॉफीचा. ग्रीसमधल्या गालाक्सिदी बंदराच्या धक्क्यावरून वर चढणाऱ्या गल्लीत घर, आणि खालच्या खोलीत जुन्या युद्धनौकांच्या चित्रांच्या नकला. सासऱ्यापासूनचा धंदा. गावातली घरं मागायची ती मुख्यतः आर्गिरो. दोनशे वर्षांपूर्वी गावची पोरं घेऊन लढाईला निघालेली ही तोफांची नौका परत आलीच नाही. मूळ चित्र देवळात आहे. त्यात तिचं तोंड उजवीकडे, उघड्या समुद्राकडे. नकलेतही तसंच ठेवायचं, हा सासऱ्याचा दंडक. जी गेली ती जातानाच काढायची.

असिमिनाचा मुलगा लेफ्तेरिस मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायचा. बिस्केच्या उपसागरातल्या वादळापासून त्या जहाजाचा पत्ता नव्हता. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, वाट बघा. वाट बघायला मला शिकवतोय मेला, असं म्हणून असिमिनानं फोन आपटला आणि कामाला बसली.

नौकेच्या रेघा जाड कागदावर सुईनं टोचलेल्या असत. तो कागद कॅनव्हासवर धरून वर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली की खाली ठिपके उठत. डोळे अधू झाल्यापासून हे काम सून लेनिओ करायची. पण त्या दिवशी ती बेकरीत कामाला गेली होती, आणि तिच्या हातची आर्गिरो दारू प्यायल्यासारखी डुलते असं असिमिनाचं मत होतंच. तिनं स्वतःच कागद लावला. लेनिओ परत आली तोवर आभाळ रंगवून झालं होतं, शिडंही.

लेनिओ दारातच थांबली.

"आई, हिचं तोंड आत, बंदराकडे आहे."

कागद पालथा पडला होता, चित्राचं डावं-उजवं फिरलं होतं. असिमिनाला ते तेव्हाच दिसलं. पण सुनेसमोर चूक कबूल करायची सवय तिनं कधी लावून घेतली नव्हती.

"दिसतंय मला. तसंच हवंय."

दुसऱ्या दिवशी वाऱ्याचा मागमूस नव्हता. तरी बंदरात नांगरलेल्या सगळ्या होड्यांची तोंडं गावाकडे वळली होती, गोठ्याकडे बघणाऱ्या गुरांसारखी. कोळी हसले. होड्यांना भूक लागलीय म्हणाले. मग एकानं वाकून आपल्या होडीचा दोर चाचपला. पाणी निपचित होतं, आणि दोर तारेसारखा ताणलेला.

त्यानंतरच्या सकाळी समोरच्या घरातली झोई भांडायला आली. तिच्या पायरीवर ओल्या पावलांचे ठसे होते. अनवाणी. दारापर्यंत आलेले, परतीचा एकही नाही.

"बादल्या माझ्या दारात ओततेस का गं?"

"तुझ्या दारात ओतायला माझं पाणी उतू चाललेलं नाही."

असिमिना बोलली खरी. पण झोई आत गेल्यावर ती गल्ली ओलांडून गेली, ठशात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. पायरीला ओल्या लोकरीचा वास होता, आणि खाली जळक्या दारूगोळ्याचा.

घरी आली तर लेनिओ चित्रासमोर टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं घेऊन उभी.

"पुसते मी. ती नौका आलीच नव्हती, आई. जे आलं नाही ते आपण का आणायचं?"

"माझं पोर त्याच पाण्यात आहे. ही येत असेल तर येऊ दे. वाटेत त्यालाही उचलेल."

"तो माझाही नवरा आहे."

"मग फडकं खाली ठेव."

लेनिओनं खूप वेळ ठेवलं नाही. मग ठेवलं. असिमिनानं तेव्हाच बसून उरलेली दोरखंडं रंगवली, आणि धक्क्याला बांधायचा एक दोर, जो मूळ चित्रात नव्हताच. ज्यांचं माणूस समुद्रावर असतं ती घरं जहाजाचं चित्र टांगतात तसं तिनं ते टांगलं. नौकेची दाराकडे पाठ, घराकडे तोंड.

खलाशांचा रक्षक संत निकोलस, त्याच्या सणाला सकाळी देवळाची घंटा चालू असताना लेफ्तेरिस दारात उभा राहिला. बंदरात कुठलंही जहाज लागलं नव्हतं.

असिमिनानं त्याला मिठी मारली. अंग विहिरीच्या दगडासारखं गार होतं. आली का रे आईची आठवण, कंपनीला काय जीभ नाही का, तिचं तोंड चालूच राहिलं. तो हसला. आवाज त्याचाच.

"आधी समोर गेलो होतो, आई. आपलं दार त्या बाजूला होतं ना?"

असिमिनानं मिठी सोडली.

कोपऱ्यातल्या देवाकडे वळून त्यानं क्रुसाची खूण केली. डाव्या हातानं. लेनिओ भिंतीला टेकली.

लहानपणी असिमिनाच्या कढईतलं तेल उडून त्याचं उजवं मनगट भाजलं होतं. तिनं त्याची उजवी बाही वर केली. कातडी साफ होती. डावी बाही वर करायची तिला गरज वाटली नाही, पण केली. डाग तिथे होता, तसाच, ऑलिव्हच्या पानाएवढा.

तिनं छातीवर कान ठेवला. डावीकडे काहीच नव्हतं. कान हळूहळू सरकवत नेला. उजवीकडे ठोके पडत होते, संथ, धक्क्यावर पाणी आदळावं तसे.

टर्पेंटाइनची बाटली खिडकीत होती. असिमिनानं ती उचलली, बूच काढलं. चित्रापर्यंत दोन हातांचं अंतर.

लेनिओचे डोळे बाटलीवर होते.

"आई," तो मागून म्हणाला, "भूक लागलीय."

लहानपणी शाळेतून आल्यावर म्हणायचा तसंच.

असिमिनानं बूच परत लावलं.

तिनं लिंबू पिळून माशाचं सूप वाढलं. चमचा नेहमीसारखा ताटलीच्या उजवीकडे ठेवला होता. क्षणभर बघितलं, आणि उचलून डावीकडे ठेवला.

"एकटाच आलास का, लेका?"

"नाही," तो खात खात म्हणाला. "बाकीचे दारं शोधतायत. गाव उलटं फिरलंय ना सगळं."

समोर झोईच्या दारावर कुणीतरी थाप मारली. मग तिच्या शेजारच्या दारावर. मग त्याच्या पुढच्या.