रिकामा हौदा

त्या दिवसांत तुळशीदासला धड झोप नव्हती की धड जेवण जात नव्हतं. डोक्यात एकच भुंगा, गाडी घ्यायची. नवी घेण्याची ऐपत नव्हती. एखादी जुनी पिकअप स्वस्तात बघायची, स्वतः खपून ती उभी करायची, एवढाच मार्ग होता. दुसऱ्यांचे टेम्पो चालवता चालवता तो अर्धा फिटर झालाच होता.

पण हे वेड गाडीपायी नव्हतं, बायकोपायी होतं. बायडाबाई भाजीच्या पाट्या घेऊन लोकांच्या टेम्पोत मागे, हौद्यात बसून लोणीहून मंचरला जायची. मागच्या पावसाळ्यात एका टेम्पोचा मागचा फाळका निखळला आणि ती रस्त्यावर पडली. मनगट वाकडं बसलं ते बसलंच. तेव्हापासून तुळशीदासने ठरवलं होतं, ही बाई आता मागे बसणार नाही. पुढे बसेल, केबिनमध्ये, माझ्या शेजारी.

नारायणगाव झालं, आळेफाटा झाला, आण्याच्या पठारावरही एक गाडी बघून झाली. कुठे चासीचा सांगाडा सडलेला, कुठे मालकच सडका. शेवटी कुणीतरी सांगितलं, डिंभ्याला धरणाच्या काठी रखमाजी नावाच्या ड्रायव्हरची पिकअप उभी आहे. तो गेला, आता बाई भंगाराच्या भावात देतेय. तुळशीदासने बॅटरी आणि डिझेलचा कॅन पोत्यात घातला आणि मिळेल ती एसटी पकडली.

गाडी गवतात उभी होती. रंग उडालेला, पण चासी ठणठणीत. तुळशीदासचं मन लगेच बसलं. फक्त डाव्या बाजूचं दार गंजून असं चिकटलं होतं, की पहार लावली तरी हललं नाही. बायडाचंच दार नेमकं! घरी नेऊन आधी हेच सोडवायचं, असं त्याने ठरवलं.

दुसरी गोष्ट त्याला खटकली. हौदा दगडांनी काठोकाठ भरला होता. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पार दबून गेले होते.

"मावशी, हे वो काय? उभ्या गाडीवर एवढं वजन? पाटे मरत्यात ना."

रखमाजीची बायको गोजरबाई ओट्यावर बसली होती.

"ते ऱ्हाऊ द्या, पावणं. तसंच न्या. आमचं मालक कवाच रिकामी गाडी न्हेत नव्हतं या वाटंनं."

"का?"

"आमचं जुनं गाव पान्याखाली ग्येलं, तवा ह्याच गाडीनं समदी मानसं हालवली मालकांनी. भांडीकुंडी, म्हातारीकोतारी, गुरंढोरं. जिती समदी आली. पन मसनवटीतली कोन हालवनार? ती तितंच ऱ्हायली." तिने पाण्याकडे पाहिलंही नाही. "भरल्या गाडीला कोन हात करत न्हाई, भाऊ. रिकामी दिसली की करत्यात."

तुळशीदास हसला. म्हातारीचा नवरा गेलाय, एकटी असते, बोलायची. त्याला दिसत होते ते फक्त पाटे. इतक्या लांब या वजनावर गेलं तर एखादा पाटा नक्की तुटला असता, आणि तो म्हणजे गाड्यांच्या बाबतीत कुणाचं ऐकणारा नव्हे. त्याने एकेक दगड उचलून गवतात टाकला. गोजरबाई उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

गाडी सुरू होईपर्यंत ऊन कललं होतं. काठाकाठाने रस्ता, डावीकडे पाणी. इंजिनाचा आवाज मस्त लागला होता. तुळशीदास खुशीत होता, पण खुशीतही कुठेतरी चुळबुळ चालूच होती. एका वळणावर जुना रस्ता फुटून थेट पाण्यात उतरत होता. तिथे भिजलेल्या राखेचा वास आला.

आणि टपावर थाप पडली. एकच.

हौद्यातल्या माणसाने एक थाप मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. इतक्या वर्षांची सवय, डोक्याला कळायच्या आत त्याचा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबल्यावर त्याला आठवलं, मागे कुणीच नाही.

पाटे करकरले. गाडी मागून जराशी बसली. मग आणखी जराशी. बाजारच्या दिवशी माणसं एकामागून एक चढतात तशी ती बसत राहिली. आरशात हौदा रिकामा होता, तळाचा गंजलेला पत्रा स्वच्छ दिसत होता.

मग डाव्या बाजूला खट् झालं. पहारीला न हललेलं ते दार उघडलं, आणि हळूच लागलं.

टपावर दोन थापा पडल्या.

तुळशीदासने गाडी काढली. काय करणार बिचारा? त्याने डावीकडे पाहिलं नाही. घोडेगाव गेलं, मंचर गेलं, मान अवघडून दगड झाली तरी पाहिलं नाही. राखेचा वास केबिनमध्ये भरून राहिला होता. मंचरच्या पुढे दिव्याखाली एका माणसाने लिफ्टसाठी हात केला. गाडी जवळ आली तसा त्याने हौद्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला, गच्च भरलेली गाडी पाहून घेतात तसा.

लोणीला पोचला तेव्हा दिवेलागण टळून गेली होती. अंगणात बायडाबाई ताट घेऊन उभीच होती. हळदकुंकू, नारळ, निरांजन. नवं लुगडं नेसली होती. तिचा चेहरा पाहून त्याला रडू आलं.

"आली का वो आपली गाडी! बंद नका करू. म्हसोबाला नारळ फोडून येऊ, तसंच चला."

ती डाव्या दाराशी आली. आत डोकावली आणि थबकली.

"आगं बया... पुढं बसल्यात व्हय ह्या?"

"बायडे... बायडे, नगं..."

"आसू द्या वो. म्हाताऱ्या बाईला कुठं मागं बसवता? मला मागची सवय हाय."

ती मागे गेली. केबिनच्या मागच्या काचेतून त्याला ती दिसत होती. तिने ताट वर धरलं, "धरा वाईच," म्हणाली आणि हात सोडले. ताट पडलं नाही. हौद्याच्या वर, निरांजनासकट ते तसंच राहिलं. ती वाकड्या मनगटाने फाळका धरून चढली.

"सरका की जरा... हां, बास बास."

तिने ताट परत घेतलं, दोन्ही हातांनी. निरांजनाच्या उजेडात तिचा चेहरा हसरा होता.

टपावर दोन थापा पडल्या.

आणि तुळशीदासचा पाय, त्याला न विचारता, क्लचवर गेला.