कणकेवरचा हात

नवऱ्याची हाडं धुवायला वाईन हवी होती, म्हणून स्तामाता सकाळीच दुकानात गेली. दुकानदाराने नेहमीची स्वस्तातली बाटली पुढे केली, तेव्हा ती म्हणाली, "ही तू पी. माझ्या माणसाला चांगली दे." फोतीसला जाऊन पाच वर्षं होत आली होती. गावाचं कब्रस्तान एवढंसं, त्यामुळे मेलेल्यालाही तिथे कायमचा मुक्काम ठोकता येत नाही. काही वर्षांनी घरच्या बायका माती उकरून त्याला वर काढतात, हाडं वाईनने धुतात, उन्हात वाळवतात आणि पेटीत घालून अस्थिघरात ठेवतात. न्यायाच्या दिवशी मेलेल्यांना उठवणारा कर्णा वाजेपर्यंत मग तिथेच. हाडं पिवळी आणि स्वच्छ निघाली तर आत्मा सुखात आहे असं समजायचं, काळी निघाली तर घरच्यांनी गावात मान खाली घालून फिरायचं.

फोतीसची हाडं पिवळी निघणार याबद्दल स्तामाताला शंका नव्हती. तिच्या पोटात दुखत होतं ते पेटीवरून. त्याला ज्या पेटीत घालायचं होतं ती अरेतीची होती.

अरेती म्हणजे फोतीसची पहिली बायको. स्तामाता नवरी होऊन या घरात आली त्याच्या बऱ्याच आधी ती मेली होती. पण घरातून गेली मात्र नव्हती. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तिचंच नाव. अरेतीची कवटी कशी मधासारखी निघाली! अरेतीच्या हातचा पाव कसा असायचा! कणीक झाकून ठेवण्याआधी ती तिच्यावर आपला हात दाबायची म्हणे, त्यामुळे भाजलेल्या पावावर पाच बोटं उमटलेली असायची आणि पोरं कोण कुठलं बोट खाणार यावरून भांडायची. स्तामाता कणकेवर सुरीने क्रूस काढायची. तिचाही पाव चांगला फुगायचा, पण तसं तोंडाने म्हणायला कुणी तयार नव्हतं. जिवंत सवत असती तर विहिरीवर गाठून तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. मेलेलीचं काय वाकडं करणार?

फोतीसच्या शेवटच्या दुखण्यात त्याचं सगळं स्तामाताने केलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ती त्याला लहान मुलासारखी कुशीवर वळवायची. आणि एके दिवशी तिच्या हातून सूपचा घोट गिळून तो म्हणाला, "मला अरेतीजवळ ठेवा." पुढचा चमचाही तिनेच भरवला.

गावच्या पाद्र्याला, पापा-लुकासना, तिने एकदा धीर करून विचारलं होतं. ते चर्चच्या ओट्यावर अक्रोड फोडत बसले होते.

"फादर, मेलेले उठतील तेव्हा तो कुणाचा असेल? तिचा की माझा?"

"तिथे कुणी कुणाचं नवरा-बायको नसतं गं. सगळे देवदूतांसारखे."

"मग दोघांना एका पेटीत कशाला घालायचं?"

पापा-लुकासनी अक्रोड तोंडात टाकला आणि तो बराच वेळ चावला.

ठरल्या दिवशी तिघी कब्रस्तानात जमल्या: स्तामाता, अरेतीची मुलगी वासो आणि देस्पो काकी. गावातल्या निम्म्या लोकांची हाडं देस्पो काकीने धुतली होती. फोतीस अगदी छान निघाला. काकीने कवटीचं चुंबन घेऊन "ये रे बाबा, ये," असं म्हटलं, आणि स्तामाताला भरून आलं. क्षणभर तो तिचा एकटीचा होता. तेवढ्यात वासो अस्थिघरातून आईची पेटी घेऊन आली. आईची हाडंही पुन्हा धुवायची आणि दोघांना एकाच चादरीवर वाळवायचं, असा तिने हट्ट धरला.

मातीत अंगठी सापडली. लग्नाच्या वेळी फोतीस म्हणाला होता, सोनं महाग झालंय, माझी आहे तीच चालेल. स्तामाता मुकाट्याने हो म्हणाली होती आणि इतक्या वर्षांत ती अंगठी एकदाही तिने हातात घेऊन पाहिली नव्हती. वासोने ती वाईनमध्ये बुडवून रुमालाने पुसली, उन्हात धरली आणि आतल्या बाजूला कोरलेलं नाव वाचलं.

"अरेती," ती म्हणाली. "आईचंच नाव आहे अजून. बघ मावशी, किती स्पष्ट..."

म्हणजे तो जन्मभर हे बोटात घालून स्तामाताशेजारी झोपला होता. आणखी वाईन आणते म्हणून ती उठली आणि कुंपणाशी जाऊन तोंडात रुमाल कोंबून उभी राहिली.

परत आली तेव्हा देस्पो काकी वासोला बजावत होती, बारीकसारीक हाडं नीट गोळा कर म्हणून. लढाईत पाय गेलेल्या एका माणसाने तो पाय इथेच पुरून ठेवला होता म्हणे. न्यायासनासमोर काय लंगडत जायचं? "हाड जिथं असेल तिथं माणसाला यावं लागतं," काकी म्हणाली. "आधी ते शोधायचं, मग पुढं जायचं."

आणि स्तामाताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फोतीसच्या हाताची हाडं चादरीच्या डाव्या टोकाला ठेवलेली तिला आठवत होती. डोळे रडून चुरचुरत होते. दोघींची पाठ वळताच तिने डाव्या ढिगातून बोटाचं एक हाड उचललं आणि रुमालाच्या गाठीत बांधलं. आता कर्णा वाजू दे. सगळ्यात आधी त्याला माझ्याच दारात यावं लागेल.

घरी आल्यावर तिने ते हाड देवाच्या फळीवर, सुकलेल्या तुळशीच्या पेल्यात ठेवलं. कित्येक वर्षांत ती एवढी आनंदात नव्हती. कांदा चिरता चिरता ती त्या पेल्याशी बोलली, त्याला टोमणेसुद्धा मारले. "अंगठी जाऊ दे तिकडे," ती म्हणाली. "बोट माझ्याकडे आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कणीक मळली, क्रूस काढला, वर फडकं टाकलं आणि ती आडवी झाली. त्या वेळी अख्खं गाव दारं लावून झोपतं. कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. जाग आली ती वासाने. वाईनचा वास, आणि त्याखाली ओल्या मातीचा. तिने उठून फडकं काढलं तर क्रूस मोडला होता आणि कणीक मधोमध दबली होती. मांजर, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि पाव तसाच भट्टीत सारला. संध्याकाळी वासो आली. एक तुकडा तोंडात टाकून ती एकदम गप्प झाली.

"मावशी, आज पाव आईच्या हातचा लागतोय गं."

स्तामाताने हातातला तुकडा खाली ठेवला.

पुढच्या दुपारी ती झोपली नाही. दार लावून, मांजर बाहेर घालवून ती परातीसमोर स्टूल घेऊन बसली. उन्हाने खिडकीच्या फळ्या करकरत होत्या. मग ते करकरणंही थांबलं. मातीचा वास आला. परातीवरचं फडकं मध्यभागी हळूहळू खाली गेलं, कुणी अलगद टेकावं तसं, आणि दाबलेलंच राहिलं.

"फोती..." ती कुजबुजली. "फोती, तू आलास?"

फडकं वर आलं. तिने ते बाजूला केलं.

कणकेवर हात उमटला होता. फोतीसचा पंजा फावड्याएवढा होता. हा हात लहान होता, स्तामाताच्या हाताहूनही लहान. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, करंगळी. करंगळीच्या शेजारी, जिथे अंगठी घालतात, तिथे कणीक गुळगुळीत होती.

ती कुंपणाशी उभी असताना देस्पो काकीने चादर उन्हाकडे फिरवली असणार. डावं टोक उजवीकडे गेलं असणार. स्तामाताने मत्सराच्या भरात बोट उचललं होतं ते सवतीचं, आणि सवत ते शोधायला कर्ण्याचीही वाट न बघता आली होती.

दुसरी एखादी असती तर तिने पापा-लुकासचे पाय धरले असते. स्तामाताने त्यांच्याकडून फक्त अस्थिघराची किल्ली मागितली, दिवा लावायचा आहे म्हणून. ऊन अजून खाली उतरलं नव्हतं. आत पेट्यांवर धूळ होती आणि अरेती-फोतीसच्या पेटीवर मात्र नव्हती. तिने झाकण उघडलं. दोन्ही कवट्या कपाळाला कपाळ लावून होत्या. वासोने त्या अशा ठेवल्या नव्हत्या. शेजारी शेजारी, दाराकडे तोंड करून ठेवल्या होत्या, ते स्तामाताने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिला भीती वाटत होती. पण त्या भीतीच्या खाली जे जळत होतं ते काही विझलं नाही. "घे तुझं," असं म्हणून तिने बारीक हाड पेटीतल्या अंगठीजवळ टाकलं. तेवढ्यावर ती परत फिरली असती तर गोष्ट मिटली असती. तिने पेटीत हात घातला, जाड हाडं बाजूला घेतली, उजेडात धरून एकेक नीट पारखलं आणि या वेळी न चुकता फोतीसचं बोट घेतलं.

त्यानंतर घरात काहीच झालं नाही. कणकेवर क्रूस जसाच्या तसा राहायचा. वास येईनासा झाला. सवत गेली एकदाची, असं वाटून स्तामाता शेजारणींशी हसून बोलू लागली. फक्त दुपारी एकटी असली की ती पेल्याकडे बघून म्हणायची, "आता तरी ये."

शनिवारी, मृतांच्या नावाने पाव वाटायचा त्या दिवसासाठी, तिने मोठी परात भरून कणीक मळली. डोळा लागला तो कसा ते तिला कळलं नाही. जाग आली तेव्हा घरभर वाईनचा वास भरला होता आणि फडकं जमिनीवर पडलं होतं.

कणकेवर फावड्याएवढा पंजा होता. अंगठीचं बोट नव्हतं. तो आला होता. तिच्या तोंडून हुंदका फुटला, आणि मग तिला दुसरा हात दिसला. तो लहान होता, त्याची पाचही बोटं शाबूत होती, आणि एका बोटावर अंगठीची बारीक रेघ होती. दोन्ही हात एकमेकांना लागून होते, मध्ये सुरीचं पातंही शिरलं नसतं.

त्याला एकट्याला अरेतीने सोडलं नव्हतं. उद्या कर्णा वाजला तरी ती सोडणार नव्हती. दोघं मिळून दारात येणार, बोट मागून घेणार आणि तसेच पुढे निघून जाणार.

"हे माझं घर आहे," स्तामाता म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. "ही कणीक मी मळलीय..."

तिने बाही वर सारली, त्या दोन हातांच्या बरोबर मधोमध आपला हात ठेवला आणि सगळा भार टाकून दाबला. कणीक मऊ होती, कोमट होती, बोटांना चिकटत होती. मनगट दुखेपर्यंत ती दाबत राहिली.

मग तिने हात उचलला. कणकेवर दोनच हात होते, तिचा उमटलाच नव्हता. तिने पुन्हा दाबून पाहिलं, आणि आणखी एकदा. बाहेर वासो दार वाजवत होती आणि मावशी, मावशी म्हणून हाक मारत होती.