पाच वेळा डावी-उजवी

झोपेच्या तपासणी केंद्रात ताईची बावीस वर्षं गेली होती. लोक झोपायचे आणि शेजारच्या खोलीत बसून ती पडद्यावर त्यांची झोप वाचायची. आधी हलकी, मग गाढ, मग स्वप्नांची. त्या दुपारी पाळी होती तिच्या धाकट्या भावाची. तो बस चालवायचा आणि गेल्या महिन्यात चालत्या गाडीत त्याचा डोळा लागला होता.

डोक्याला, डोळ्यांच्या कडांना तारा चिकटवून घेताना त्याची थट्टा चालूच होती. "तायडे, मला काय प्लगात लावणार आहेस?" मग त्याने आवाज खाली आणला. "एक सांगू? मला जाग येते, पण बोटसुद्धा हलत नाही. छातीवर कोणीतरी बसतं. परवा ते म्हणालं... सरक जरा."

ताई म्हणाली, "स्वप्नाच्या झोपेत अंग लुळंच असतं, वेड्या. फक्त डोळे हलतात. तसं झालं तर डोळे डावीकडे-उजवीकडे फिरव, पाच वेळा. मला पडद्यावर दिसेल. लगेच उठवते."

"नक्की ना?"

"नक्की."

सहाव्या मिनिटाला तो झोपला. त्यानंतर जेमतेम अकरा मिनिटांत स्वप्नाची झोप आली आणि डोळ्यांच्या रेघा उसळल्या. डावी, उजवी. तिने मोजलं. पाच. जरा थांबून पुन्हा पाच. ती खुर्चीतून अर्धी उठली... पण झोप लागल्यापासून पंधरा मिनिटं हात लावायचा नाही, नाहीतर तपासणी वाया जाते. स्वप्नात डोळे फिरतातच, तिने मनाची समजूत घातली. चारच मिनिटं राहिली होती.

चार मिनिटं संपताच ती त्याच्या खोलीत धावली. तो आधीच उठून बसला होता, स्वतःच तारा सोडवत.

"अरे, खूण तूच करत होतास ना?"

"कसली खूण?" तो हाताची बोटं मिटून-उघडून बघत होता, नवे बूट घालून बघावेत तशी. "छान झोप लागली, मॅडम."

जन्मात त्याने तिला मॅडम म्हटलं नव्हतं. ती काही बोलायच्या आत तो निघूनही गेला.

यंत्र बंद करायला ती पडद्यापाशी परतली. तारा आतल्या खोलीत खुंटीवर नुसत्याच लोंबत होत्या. पडद्यावर डोळ्यांच्या रेघा उसळत होत्या. डावी, उजवी. पाच वेळा. जरा थांबून पुन्हा पाच.

"ऊठ रे... ऊठ ना!" आत धावत जाऊन रिकामा पलंग ती गदागदा हलवत राहिली. गादीतला खळगा अजून तसाच खोल होता.